हॉलिवूडची बेटीबंदी

सोनई २०१३ चं. खर्डा २०१४ चं. असल्या जिल्ह्यात बसून तुम्ही हॉलिवूडच्या नट्यांवर लिहिणार? एका पोरानं मला हे तोंडावर विचारलं. पोरगा कामाचा आहे, मोर्चात पुढं असतो, निवेदन स्वतः लिहितो, म्हणून राग आला नाही. म्हटलं, लिहिणार. का ते ऐक.

सोनईत काय, खर्ड्यात काय, गोष्ट सुरू कुठं झाली? आपल्या पोराचं नाव वरच्या जातीतल्या पोरीशी जोडलं गेलं, तिथं. बाकीचं सगळं, खून, पंचनामा, कोर्ट, त्याच्या नंतरचं. मूळ दुखणं बेटीबंदीचं. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कात कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जातीचं मर्म त्यांनी सोवळ्यात दाखवलं नाही, धंद्यात दाखवलं नाही. जातीतल्या जातीत लग्न, यात दाखवलं. त्याच वेळी त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसजवळ, सिनेमाचा धंदा उभा राहत होता. त्या धंद्यानं पुढं स्वतःपुरती एक मनुस्मृती लिहिली. १९३० ला लिहिली, १९३४ पासून कडक लावली. प्रॉडक्शन कोड म्हणत तिला. पडद्यावर काय दाखवायचं नाही याची यादी. त्यात एक कलम असं की गोऱ्या-काळ्यांचे स्त्रीपुरुषसंबंध दाखवायचे नाहीत. हे कलम १९५६ पर्यंत टिकलं.

आता हिशेब मांडा. नायिका म्हणजे कोण? नायक जिला शेवटी जवळ घेतो ती. काळ्या बाईला गोऱ्या नायकानं जवळ घ्यायचंच नाही असा नियम, आणि नायक तर गोराच. मग काळी बाई नायिका होणार कशी? रूप असू द्या, गळा असू द्या, काम असू द्या. तिची जागा स्वयंपाकघरात. सगळेच काळे असलेला पिच्चर निघाला तर ती नायिका. डोरोथी डँड्रिज तशी झाली, 'कार्मेन जोन्स'मध्ये, १९५४ ला. मुख्य नटीच्या ऑस्करसाठी नाव गेलेली ती पहिली काळी बाई. पण म्हणजे काय, आपल्या वस्तीत आपण राजे. हॉलिवूडवरची जाडजूड पुस्तकं मी चाळलीत. पहिल्या पानावर हा हिशेब नसतो. ग्रेटा गार्बोच्या भुवया असतात.

भुवयांबद्दल मला तक्रार नाही. आम्हीही पाहिल्यात. १९७४-७५ ला नगरच्या वसतिगृहात आमच्या खोलीत तीन चित्रं होती. मधे बाबासाहेब. शेजारी बुद्ध. आणि दाराच्या मागच्या भिंतीवर, दार उघडलं की झाकून जाईल अशा बेतानं, मेरिलिन मन्रो. नगर म्हणजे लष्कराचं ठाणं. भिंगार कॅम्पातली इंग्रजी मासिकं रद्दीत यायची, त्यातलं पान. खोलीत आम्ही चौघं, शेवगावकडचा मी, एक पाथर्डीचा, एक श्रीगोंद्याचा, एक अकोल्याचा. (अकोल्याचा म्हणजे दया पवारांच्या तालुक्यातला. 'बलुतं' अजून यायचं होतं.) पॅंथर निघून दोन-तीन वर्षं झालेली, अमेरिकेतल्या ब्लॅक पॅंथरवरून नाव घेतलंय हे आम्ही छाती काढून सांगायचो, आणि दाराच्या मागं ही गोरी बाई. कुणाला यात काही विचित्र वाटलं नाही. आता वाटतं. पण मन्रोला मी तरी शिव्या घालणार नाही. बाप कोण ते ठाऊक नाही, आई वेड्यांच्या इस्पितळात, ही अनाथाश्रमात आणि परक्यांच्या घरात वाढली, युद्धाच्या काळात कारखान्यात राबली. तिचं हसू आम्ही पाहिलं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

नगरला हॉलिवूड तसं अगदी परकं नाही म्हणा. इथून जवळ अरणगावला मेहेरबाबांचं ठिकाण आहे. ते १९३२ मध्ये हॉलिवूडला गेले होते. मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या जोडीनं आपल्या बंगल्यावर त्यांचं स्वागत केलं. टलुला बँकहेड त्यांना भेटली. नगरच्या माणसाला त्या गावात असा मान मिळाला, चांगलीच गोष्ट. मी फक्त साल लक्षात ठेवा म्हणतो. त्याच्या आठ वर्षं नंतर त्याच गावात एका बाईला स्वतःचं बक्षीस घ्यायला हॉटेलात शिरायची खास परवानगी काढावी लागली. तिच्याकडं येतो.

आधी ऑड्री हेपबर्नचं उरकून टाकतो, कारण खोलीतला पाथर्डीवाला तिच्यावर मरायचा. मला ती कधी पटली नाही. 'माय फेअर लेडी'त ती फुलं विकणारी पोर आहे आणि एक विद्वान तिची बोली घासून पुसून साहेबी करतो. १९७५ ला पु.लं.नी हीच गोष्ट 'ती फुलराणी' म्हणून मराठीत आणली. भक्ती बर्वेचं काम फार मोठं, त्यात वाद नाही. पण पोरगी 'शुद्ध' बोलायला लागते आणि सभागृह टाळ्या वाजवतं, त्या जागी माझ्या पोटात गोळा येतो. आमचं 'पानी' वर्गात 'पाणी' करून घेताना जो खाल्लाय तो पट्टीचा मार आठवतो. आणि गंमत बघा, ऑड्रीची त्या पिच्चरमधली बहुतेक गाणी मार्नी निक्सन नावाच्या दुसऱ्याच बाईनं गायलीत. बाईच्या आवाजावरचा पिच्चर, आणि हिरोईनचा आवाज उसना. पाथर्डीवाल्याला हे सांगितलं तर तो दोन दिवस बोलला नाही.

आता 'गॉन विथ द विंड'. १९३९ चा. मी तो पुण्यात मॉर्निंग शोला पाहिला. जवळजवळ चार तास. गुलाम बाळगणाऱ्या जमीनदारांचं रडगाणं, हे मी आज म्हणतो. त्या दिवशी मी व्हिव्हियन लीकडं बघत होतो. ती आहेच तशी. हट्टी, खोटारडी, मतलबी, आणि एक क्षण नजर हटू देत नाही. युद्धात सगळं जळून गेल्यावर ती रानातलं मूळ उपटून मातीसकट खाते आणि शपथ घेते, आता पुन्हा उपाशी राहायची नाही. दुष्काळी तालुक्यातला कुठला पोरगा त्या वेळी तिच्या बाजूनं होणार नाही? बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर मी खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली. माझा तर गळा भरून आला. पुढं बऱ्याच दिवसांनी डोक्यात उजेड पडला. त्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या कापूस वेचणारे होते, ते काय पोटभर जेवत होते? त्यांच्यातल्या कुणाला दिग्दर्शकानं लाल आभाळासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली नाही. भूक तीच, पण जमीनदाराच्या पोरीला लागली तेव्हा तिचा सिनेमा झाला.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. त्यात प्रिसी नावाची काळी पोरगी आहे, बटरफ्लाय मॅक्वीननं केलेली. घाबरट, चिरक्या आवाजाची. बाळंतपणाच्या वेळी नायिका तिच्या थोबाडीत मारते. थेटर हसलं. मीही हसलो. जिच्या थोबाडीत बसली ती आपली, हे त्या अंधारात कुणाच्या ध्यानात आलं? कॅमेरा ज्याच्या खांद्यावरून बघतो त्याच्याच डोळ्यांनी आपण बघतो. समीक्षा बिमीक्षा नंतर, आधी हे कबूल करा.

आणि तिसरी बाई, मॅमी. हॅटी मॅकडॅनियल. नायिकेच्या पोटाला दोऱ्या आवळून बांधणारी, खिडकीतून ओरडणारी, सगळ्यांना दटावणारी. तिला भूमिका दिली ती निष्ठावंत गुलामाची, मालकिणीवर जीव टाकणाऱ्या दाईची. म्हणजे खोट्याचीच. गुलामाला मालक किती गोड वाटतो हे सांगायला मालकानंच लिहिलेली. तरी तो जिन्याचा प्रसंग बघा. घरातली लहान मुलगी घोड्यावरून पडून मेलीय, बाप प्रेत पुरू देत नाही, खोलीत कोंडून बसलाय. मॅमी पाहुणीला हे सांगत सांगत जिना चढते. पायरी पायरी चढते, रडते, थांबते, पुन्हा सांगते. कॅमेरा तिच्याबरोबर चढतो. त्या दोन-तीन मिनिटांत व्हिव्हियन ली नाही, क्लार्क गेबल नाही, ते सगळं घर त्या बाईच्या आवाजावर उभं राहतं. मला विचाराल तर सगळ्या हॉलिवूडमध्ये याच्या तोडीचं काम मी फार थोडं पाहिलंय. दिलेली भूमिका खोटी आणि केलेलं काम खरं, हे एकाच बाईच्या अंगात कसं मावतं, याचं उत्तर माझ्याकडं नाही. आपल्या तमासगीर बायांकडं असावं.

डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटाला पिच्चरचा पहिला खेळ झाला. मोठा जल्लोष. काळ्या नटांना त्यात जागा नव्हती. २९ फेब्रुवारी १९४० ला ऑस्कर. समारंभ ज्या हॉटेलात त्यात काळ्यांना प्रवेश नाही. निर्मात्यानं शब्द टाकला तेव्हा हॅटीला आत घेतलं, पण बाकीच्या चमूबरोबर नाही. भिंतीजवळ वेगळं टेबल. सहनटीचं बक्षीस तिला मिळालं, ऑस्कर मिळालेली पहिली काळी व्यक्ती. तिचे आईबाप दोघंही गुलाम म्हणून जन्मलेले. भिंतीजवळच्या त्या टेबलावरून उठून ती पुढं आली, बक्षीस घेतलं, रडली, परत भिंतीजवळ जाऊन बसली. आपल्या शाळेत पोतं वेगळं असलेला हुशार पोरगा ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच बक्षिसासाठी ओलिव्हिया द हॅविलँडचंही नाव होतं. गोरी, निर्मात्याच्या टेबलावर बसलेली. ती हरली. तिच्याबद्दल मला आदर आहे तो दुसऱ्या कारणानं. कंपन्या नट्यांना सात-सात वर्षांच्या करारात बांधायच्या, भूमिका नाकारली की तेवढे दिवस कराराला पुढं जोडायच्या. सालगड्याची उचल कधी फिटत नाही, तसलाच प्रकार. ओलिव्हियानं वॉर्नर कंपनीला कोर्टात खेचलं आणि १९४४ मध्ये जिंकली. तिच्या नावानं तो कायदा ओळखला जातो. हॅटीनंही कोर्ट गाजवलं, ते मात्र कुणाला ठाऊक नसतं. लॉस एंजेलिसमध्ये शुगर हिल नावाच्या चांगल्या वस्तीत तिनं घर घेतलं होतं. आणखी काही काळ्यांनीही घेतली होती. गोऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला की या घरांच्या खरेदीखतातच अट आहे, काळ्यांना विकायचं नाही, तेव्हा यांना बाहेर काढा. हॅटी पुढं झाली, शेजारणी गोळा केल्या, वकील उभा केला. डिसेंबर १९४५ ला निकाल त्यांच्या बाजूनं लागला. पडद्यावर मालकिणीच्या दोऱ्या बांधणारी बाई घराच्या हक्कासाठी मालकांशी भांडून जिंकली. गावकुसाबाहेर कोण राहणार हे खरेदीखतात लिहायची पद्धत तिकडची, आपल्याकडं लिहावंसुद्धा लागत नाही, एवढाच फरक.

जिवंतपणी जिंकलेली जागा मेल्यावर नाकारली. १९५२ ला ती गेली. हॉलिवूडच्या दफनभूमीत पुरा असं सांगून गेली होती. तिथं फक्त गोरे. दुसरीकडं पुरली. बक्षीस तिनं हॉवर्ड विद्यापीठाला दिलं होतं, ते तिथून हरवलं. २०२३ मध्ये त्याच्या जागी नवं दिलं.

पण तिच्या जिवाला सगळ्यात जास्त लागलं असेल ते आपल्याच माणसांचं. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. संघटनेचे चिटणीस वॉल्टर व्हाईट १९४२ मध्ये हॉलिवूडच्या मालकांना जाऊन भेटले. म्हणाले, नोकर, मोलकरणी, विदूषक, पुरे झालं, आमच्या माणसांना माणसांच्या भूमिका द्या. मागणी सोळा आणे खरी. पण ती कुणावर पडली? हॅटीवर. तिनं सत्तरहून जास्त वेळा मोलकरीण केली असं मोजणारे सांगतात. मोलकरीण होऊन जगण्यापेक्षा मोलकरणीची भूमिका करून शंभरपट कमावलेलं बरं, अशा अर्थाचं तिचं उत्तर सांगितलं जातं. आणि हे वॉल्टर व्हाईट दिसायला कसे? गोरे, डोळे निळे. दक्षिणेत काळ्यांना झाडाला लटकवत त्याचा तपास करायला ते गोरे म्हणून जायचे आणि खपायचे. कायमचे खपले असते. नाही खपले, मी काळा म्हणून ठणकावून सांगत राहिले. म्हणजे माणूस खरा. बाईही खरी. आणि दोघं समोरासमोर.

हे भांडण आपल्या घरातलंच आहे. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाची पवळा. महाराची पोर, तमाशाच्या फडावरची पहिली मोठी नामांकित बाई. तिच्याबरोबर पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कुलकर्णी. बापूरावानं जात सोडली याचं कौतुक मराठीनं शंभर वर्षं केलं. पवळानं काय सोडलं हे कोण विचारतो? १९२७ मध्ये बापूराव तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला देणगी द्यायला बाबासाहेबांकडं गेले. बाबासाहेबांनी ती घेतली नाही. आपल्या बाया नाचवून आलेला पैसा नको. मी तरुण असताना हा प्रसंग भाषणात सांगायचो आणि टाळ्या घ्यायचो. बाबासाहेबांचं बरोबरच होतं. त्या बायकांची अब्रू ही त्यांच्यासाठी जातीची नाही, माणुसकीची गोष्ट होती. पण टाळ्या संपल्यावर एक प्रश्न माझ्या तोंडातून कधी निघाला नाही. पैसा परत गेला, तसा पवळाचा घाम पण परत गेला का? तिचं काम कुणाच्या खात्यावर मांडायचं? आपल्याच जिल्ह्यातल्या पोहेगावच्या शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित बायकांवर 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' हे पुस्तक २०२२ मध्ये लिहिलं. आपल्या बाईनं लिहिलं तेव्हा कुठं हा प्रश्न मान वर करून उभा राहिला. वाचा. इंग्रजी येत नसेल तर येणाऱ्याला धरून बसवा.

आता ज्या नटीसाठी एवढं सगळं लिहायला बसलो, ती. मर्ल ओबेरॉन.

१९३९ मध्येच 'वुदरिंग हाइट्स' आला. इंग्रजी कादंबरीवरचा. मी तो पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला. कादंबरीतला हीथक्लिफ हा रस्त्यावर सापडलेला काळासावळा पोर, कुठल्या जातीचा कुठल्या देशाचा कुणाला ठाऊक नाही. पिच्चरमध्ये तो लॉरेन्स ऑलिव्हिए, अस्सल इंग्रज. आणि गोऱ्या घरातली कॅथी केली मर्लनं. कॅथीचं त्याच्यावर प्रेम, पण लग्न मोठ्या घरात करायचंय. रात्री स्वयंपाकघरात ती मोलकरणीला मनातलं सांगते, की हीथक्लिफशी लग्न करणं म्हणजे खाली जाणं. तो दाराआड ऐकतो आणि वादळात निघून जातो. दिसायला प्रेमकथा. आहे बेटीबंदी.

त्या वेळी मला एवढंच दिसलं. १९८३ मध्ये मर्लचं चरित्र आलं आणि नंतर कागद बाहेर निघाले, तेव्हा बाकीचं कळलं. ही गोरी कॅथी मुंबईची. १९ फेब्रुवारी १९११ चा जन्म, मुंबईच्या जन्मनोंदीत सापडलेला. बाप गोरा, आईकडून रक्त सिलोनचं, मिश्र. लहानपण मुंबई आणि कलकत्ता. विलायतेला गेली, १९३३ मध्ये अलेक्झांडर कोर्डाच्या पिच्चरमध्ये राणी झाली, मग हॉलिवूड. १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी मुख्य नटीच्या ऑस्करला नाव गेलं. पूर्वेकडचं रक्त असलेली ती पहिली, पण त्या वेळी कुणाला माहीत नव्हतं. पूर्वेकडच्या बाईला ते बक्षीस मिळायला २०२३ उजाडलं, मिशेल योहला.

मर्लनं जगाला सांगितलं, मी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातली, कागदपत्रं आगीत जळाली. टास्मानिया का? लांब आहे आणि गोरं आहे. शार्लट ही सावळी बाई तिच्याबरोबर राहायची, तिला ती आई म्हणत वाढली. (खरं तर ती आजी. आई म्हणजे शार्लटचीच मुलगी, कोवळ्या वयात बाळंत झालेली. पोरीची अब्रू झाकायला आजीनं आईपण घेतलं.) पाहुणे आले की मर्ल सांगायची, ही माझी मोलकरीण.

आणि व्हिव्हियन लीचा जन्म कुठला? दार्जिलिंगचा, १९१३. ती मात्र उघड सांगू शकायची. कॅथीची भूमिका तिलाही हवी होती, मिळाली नाही. हिंदुस्थानात जन्मलेल्या दोन नट्या, एकाच साली दोन मोठ्या पिच्चरच्या नायिका. एक साहेबाची पोर, तिचं जन्मगाव कौतुकाचं. दुसरीचं जन्मगाव म्हणजे फाशीचा दोर. बाहेर फुटलं असतं तर कोडाचं कलम होतं. दुसऱ्या दिवशी ती नायिका राहिली नसती. अॅना मे वाँगचं काय झालं ते तिच्यासमोर होतं. चिनी आईबापांची पोर, अमेरिकेत जन्मलेली, गाजलेली नटी. चिनी शेतकऱ्यांवरचा 'द गुड अर्थ' १९३७ मध्ये निघाला तेव्हा शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका तिला मिळाली नाही. नवऱ्याच्या भूमिकेत गोरा नट ठरला होता, मग बायकोही गोरीच हवी. लुइझ रायनरनं ती केली आणि ऑस्कर घेतलं. भूमिका आपली, तोंड दुसऱ्याचं. तमाशापट आठवा. सवाल-जबाब आपल्या बायांचे, घुंगरू आपल्या बायांचे, पडद्यावरचा चेहरा कुणाचा?

शार्लट १९३७ मध्ये गेली. दोन वर्षांनी मर्ल कॅमेऱ्यासमोर स्वयंपाकघरात उभी राहून मोलकरणीला सांगत होती, खालच्याशी लग्न म्हणजे आपण खाली. तिच्या चेहऱ्याकडं मी नंतर दोन वेळा पुन्हा जाऊन बघितलं. मला काही दिसेल असं वाटलं. काही दिसत नाही. फार स्वच्छ काम आहे.

या बाईला माझ्या अभ्यासवर्गातली पोरं 'जातचोर' म्हणाली. बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा वाचलेली पोरं. शब्द तयार होता. मी गप्प बसलो. का बसलो ते या अंकात लिहून टाकतो.

१९७९ ला मला पुण्यात नोकरी लागली. पेठेतल्या वाड्यात खोली मिळाली. माझं आडनाव दोन्हीकडं चालणारं, आपल्या नगरकडं अशी पुष्कळ. मालकीणबाईंनी विचारलं, नगरकडचे का? म्हटलं, हो. त्या एका 'हो'वर मी दीड वर्ष राहिलो. खोटं एक अक्षर बोललो नाही. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. रविवारी बागुलांच्या कथेवर भाषण करायचो आणि वाड्यात येऊन ट्रंकेला कुलूप आहे का बघायचो.

दिवाळीच्या आधी आई आली. न सांगता. डोक्यावर बोचकं, त्यात बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी. कपाळावर गोंदण. चौकात उभी राहून मोठ्यानं माझ्या नावानं हाक मारली. मालकीणबाई ओटीवर आल्या. कोण आल्यात? मी म्हणालो, गावाकडच्या बाई आहेत, दोन दिवस धुण्याभांड्याला.

आईच्या समोर म्हणालो. आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला आणि नळावर गेली. बाई मिळालीच आहे म्हटल्यावर मालकीणबाईंनी दिवाळीची काढलेली सगळी पितळी भांडी तिच्यापुढं आणून टाकली, हंडे, परात, ताम्हन, समया. दोन दिवस ती चिंच आणि राखेनं घासत होती. तिसऱ्या दिवशी शिवाजीनगर स्टॅंडवर शेवगावच्या गाडीत बसवली. खिडकीतून म्हणाली, "तिच्या देवाचं ताम्हन बी घासलं म्या. बाटला आसंल का रं त्यो?" आणि हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. गाडी हलली तेव्हा म्हणाली, "आता न्हाई यायची म्या." पुढं मी येरवड्याला खोली केली, फोटो भिंतीवर लावला, तिला किती निरोप धाडले. नाही आली.

म्हणून मर्लला मी काही म्हणत नाही. बरोबर केलं असंही म्हणत नाही. तिला जे मिळालं ते लपून मिळालं आणि त्याचं भाडं दुसऱ्याच एका बाईनं नळावर भरलं. हॅटी माझ्या लेखी मोठी. भूमिका मोलकरणीची केली, पण घरात कुणाला मोलकरीण करून उभं केलं नाही. हे माझं मत. वॉल्टर व्हाईटच्या बाजूनं कुणाला लिहायचं असेल त्यानं लिहावं, छापू.

मर्लनं शार्लट गेल्यावर तिच्या एका जुन्या फोटोवरून चित्र काढून घेतलं. कातडीचा रंग उजळ करून घेतला असं सांगतात. ते चित्र शेवटपर्यंत, १९७९ पर्यंत, तिच्या घरात होतं. आईचा माझ्याकडं एकच फोटो, भावकीतल्या लग्नात गर्दीत काढलेला. ती गेल्यावर नगरला एका फोटोवाल्याकडून मोठा करून घेतला. आणायला गेलो तर त्यानं रंग दोन हात उजळ केलेला, गोंदण पुसलेलं. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. म्हणाला, डाग होता, काढून टाकला. पैसे दिले आणि फोटो घेऊन आलो.